राजकन्येचे नाव
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या कार्यवाह बाईंनी मला राजकन्यांविषयी बोलायला सांगितले आहे. राजकन्या म्हटली की आपल्याला कहाणीतले आटपाट नगर आठवते. पण मी आज खरोखर होऊन गेलेल्या राजकन्यांविषयी बोलणार आहे आणि त्यांच्या शेजारी एका मोलकरणीलाही बसवणार आहे. शेवटी आपण एवढेच पाहायचे, की नाव कोणाचे राहिले आणि का राहिले.

आपल्या शेजारचे वाशीम म्हणजे जुने वत्सगुल्म. वाकाटक राजांची एक शाखा तेथून राज्य करीत असे. दुसरी शाखा रामटेकजवळच्या नंदिवर्धनाला होती. त्या घरात दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता सून म्हणून आली. नवरा लवकर वारला, मुले लहान होती. पाचव्या शतकाच्या आरंभी तिने मुलाच्या नावाने कितीतरी वर्षे राज्य चालविले. तिने दिलेल्या दानाचा ताम्रपट पुण्याला सापडला. त्यात वंशावळ सुरू होते ती सासरची नव्हे, माहेरची. आणि तिने आपले गोत्रही माहेरचेच, धारण गोत्र, लिहविले आहे. सासरचे गोत्र विष्णुवृद्ध होते. दीड हजाराहून अधिक वर्षांमागची ही बाई आपण कोणाच्या लेकी हे तांब्यावर कोरून ठेवते. म्हणून तिचे नाव आज आपल्याला ठाऊक आहे.

आता देवगिरीला येऊ. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला आपण जातो. त्या देवळाच्या खालच्या भागावरचे कोरीव काम यादवकाळातले मानतात. त्या यादवांपैकी रामदेवराय 1271 साली गादीवर आला. 1296 साली अलाउद्दीन खलजीने देवगिरीवर अचानक स्वारी केली. अपार सोने, मोती देऊन तह झाला. रामदेवरायाची एक मुलगीही अलाउद्दीनाच्या जनानखान्यात गेली, असे फारसी इतिहासकार लिहितात. तिचे नाव सांगितले ते ईसामीने, 1350 च्या सुमारास, आणि तेही फारसी लिपीत. त्यावरून विद्वान 'झत्यपाली' असे काहीतरी वाचतात. बापाने बारशाला कोणते नाव ठेवले होते याचे आता तर्कच करायचे! दरबारात भाट होते, पंडित होते, हेमाद्रीसारखा विद्वान प्रधान होता; पण मुलीचे नाव लिहिले ते परक्याने.

ईसामी म्हणतो की तिचा मुलगा शिहाबुद्दीन उमर. 1316 च्या जानेवारीत अलाउद्दीन मेला तेव्हा मलिक काफूरने या पाचसहा वर्षांच्या पोराला दिल्लीच्या तख्तावर बसविले. म्हणजे काही आठवडे का होईना, देवगिरीचा नातू दिल्लीचा सुलतान होता! काफूर मारला गेला. त्याच वर्षी सावत्र भावाने, मुबारकशहाने, गादी घेतली आणि मुलाचे डोळे काढविले. इकडे दक्षिणेत हरपालदेवाने दिल्लीविरुद्ध बंड केले. 1318 साली मुबारकशहाने त्याला पकडून हालहाल करून मारले. हा हरपालदेव कोण? रामदेवरायाचा जावई, असे पुस्तकात असते. जावई म्हटला म्हणजे मुलगी आलीच. पण तिचे नाव त्या ओळीत नसते. एका बहिणीचे लेकरू गेले, दुसरीचे कुंकू गेले, आणि दोघींचे दुःख लिहायला कोणी बसले नाही.

हे आपल्याकडेच घडले असे मात्र समजू नका. त्याच सुमारास दूर पश्चिमेला वेल्स नावाचा डोंगराळ देश इंग्लंडने जिंकला. तिथली राजकन्या ग्वेन्लियन 1282 साली जन्मली. तिला जन्म देताना आई गेली, सहा महिन्यांत बाप लढाईत पडला. ही मुलगी मोठी झाली, तिला मूल झाले, तर वेल्सला पुन्हा वारस मिळेल, या भीतीने इंग्रज राजाने तान्ह्या पोरीला आपल्या मुलखातील सेंप्रिंगहॅमच्या मठात धाडले. चौपन्न वर्षे ती तिथेच राहिली आणि 1337 साली तिथेच वारली. तिचे नाव इंग्रज कारकुनांना नीट लिहितासुद्धा येत नव्हते. पण तिच्या लोकांनी तिला टाकले नाही. 2009 साली वेल्समधल्या एका डोंगरशिखराला ग्वेन्लियनचे नाव देण्यात आले. उशीर झाला खरा, पण लेकीचे नाव घरी परत आले.

आता मोलकरणीकडे वळू. ज्या काळात देवगिरीच्या राजकन्या अंधारात गेल्या, त्याच काळातली आपली जनी. गोदाकाठच्या गंगाखेडची पोर, पंढरपुरास दामाशेट्यांच्या घरी कामाला राहिलेली. नामदेव त्याच घरचे. आणि त्या घराचे मूळ आपल्या नरसीचे, ही आपल्या भागाची परंपरा. जनीला ना राज्य, ना ताम्रपट. दळण, कांडण, शेण, पाणी हेच तिचे आयुष्य. पण जे मनात आले ते तिने अभंगात म्हटले आणि शेवटी आपले नाव घातले. तिचे अभंग बायकांनी जात्यावर म्हटले, मुलींना शिकविले. राजकन्येचे नाव हरवले आणि दासीचे सातशे वर्षे टिकले. प्रभावतीने नाव कोरले, जनीने गाइले. दोघींनीही ते दुसऱ्याच्या भरवशावर सोडले नाही.

भगिनींनो, आता जरा आपल्या घरात पाहू. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहितात आणि आईने ठेवलेले नाव त्या दिवशी माहेरीच राहते. आपल्यातील किती जणींना आजीचे माहेरचे नाव सांगता येईल? पणजीचे? घराण्याच्या वंशावळीत सात पिढ्यांचे पुरुष ओळीने असतात. त्यांना जन्म देणाऱ्या बायांसाठी रकानाच नसतो. तिथे आपणही देवगिरीच्या लेकीच आहोत!

काळ थोडा बदलतो आहे. महाराष्ट्र सरकारने 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचे नाव लावणे सक्तीचे केले. हे चांगलेच झाले. पण मागच्या पिढ्यांतील बायांची नावे सरकार शोधून देणार नाही. ते काम आपले आहे आणि घाईचे आहे, कारण ती नावे ज्यांना ठाऊक आहेत त्या म्हाताऱ्या एकेक करून निघून जात आहेत.

म्हणून माझी मंडळाला एकच विनंती आहे. सभासदांच्या वहीत एक पान वाढवावे. प्रत्येकीने त्यावर आपले जन्मनाव, आईचे, आजीचे आणि जमल्यास पणजीचे नाव लिहावे, गाव लिहावे, तिला काय येत होते तेही लिहावे. कोणी सुईण असेल, कोणी गोधडी सुरेख शिवत असेल, कोणाला शेकडो ओव्या पाठ असतील. जिला लिहिता येत नाही तिने सांगावे, दुसरीने लिहून घ्यावे. उखाण्यात नवऱ्याचे नाव आपण हौसेने घेतो, तसे एकदा आईचेही घेऊ या.

पहिली ओळ आपल्यातील सर्वांत वयस्कर बाईंनी आज चहाच्या आधी लिहवून घ्यावी, असे सुचवून मी आपली रजा घेते.