खड्ड्याचं यंत्र कोणी निवडायचं?

(कुंभवली येथे शेतकरी बायकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला भाषणाची सवय नाही. पण गेल्या हिवाळ्यात आमच्या बचत गटाने कुंपणाचे खांब रोवायला ट्रॅक्टरमागे लावायचं यंत्र घेतलं, आणि आता आसपासच्या गावांतल्या बायकाही तेच घ्यायचं म्हणताहेत. तेव्हा आम्ही कुठे चुकलो ते आधी ऐका, मग पैसे भरा.

कुंपण कशासाठी, हे तुम्हांला सांगायला नको. भात कापून झालं की गुरं मोकळी सुटतात, ही आपल्याकडची जुनी रीत. सगळं रान रिकामं असायचं तेव्हा त्याचं काही वाटत नव्हतं. पण भातामागून वाल, मिरची, भाजी लावायची तर एका रात्रीत सगळं साफ. काट्याकुट्यांची वई घालायची, तर काटे तोडून डोक्यावरून आणणार बाईच, आणि पावसात ती कुजली की पुढच्या साली पुन्हा तेच. त्यात शेजारी तारापूरची औद्योगिक वसाहत. जमिनीला भाव आला तसे बांध सरकू लागले. आणि एकट्या बाईच्या शेताचा बांध जरा जास्तच सरकतो, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

यंत्र पाहायला आम्ही चौघी दुकानात गेलो. गाडी चालवायला माझा भाचा होता, बारावीतला. दुकानदार सगळा वेळ त्याच्याशीच बोलला. मी विचारलं, "खड्डा किती इंची?" तर उत्तर भाच्याला! शेवटी तोच म्हणाला, "मावशीला सांगा, मला शेतातलं काही कळत नाही." दुकानदार हसला आणि म्हणाला, "मावशी, अठरा इंची न्या. खांब पण होतील, झाडं पण लावता येतील." आम्हांला ते पटलं. एका यंत्रात दोन कामं! नशीब, आमच्याकडे पुरते पैसे नव्हते. म्हणून आधी भाड्याने आणून पाहायचं ठरलं.

हे यंत्र म्हणजे सुताराचं गिरमिट असतं ना, त्याचा मोठा भाऊ. ऑगर म्हणतात त्याला. ट्रॅक्टरच्या मागे फिरणारा दांडा असतो, तो पीटीओ. त्याच्या जोरावर गिरमिट फिरतं आणि माती वर काढतं. मिनिटभरात खड्डा तयार. सगळे पुरुष बघायला जमले, टाळ्या वाजवल्या. मग ट्रॅक्टर पुढे गेला आणि आम्ही खड्ड्यांपाशी उरलो.

आपला सिमेंटचा खांब चार इंच बाय चार इंच. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत धरला तर पावणेसहा इंच. अठरा इंची खड्ड्यात तो विहिरीत काठी सोडल्यासारखा उभा. एकीने ओळंब्यात धरायचा, दुसरीने दगड-मुरूम टाकायचा, तिसरीने पहारीच्या बुडाने ठोकायचं. संध्याकाळपर्यंत आमचे अकरा खांब झाले. रात्री मी मुलीच्या वहीत हिशेब मांडला. खड्ड्याचं तोंड दुप्पट केलं की माती चौपट लागते. म्हणजे नऊ इंची खड्ड्याला एक घमेलं लागत असेल, तर अठरा इंचीला चार. खड्डा मारणं हे ट्रॅक्टरवाल्याचं मिनिटाचं काम, आणि भरणं आमचं तासाचं. ज्याला खड्डा भरायचा नाही, त्याला अठरा इंच काय आणि नऊ इंच काय!

तेव्हा साध्या खांबाला नऊ इंची गिरमिट पुरे. सहा इंची घेऊ नका, त्यात खांब कसाबसा शिरतो पण भोवती माती ठोकायला जागा राहत नाही, आणि तार ताणली की खांब कलतो. कोपऱ्याच्या आणि फाटकाच्या खांबांना ताण जास्त, तिथे बारा इंची बरं. गिरमिट बदलता येईल असंच यंत्र मागा. सात फुटी खांब असेल तर निदान दोन फूट जमिनीत जायला हवा.

खांब किती लागतील तेही घरी मोजून जा. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. शेत चौरस असेल तर चारी बाजू मिळून साधारण 836 फूट, दहा फुटांवर एक धरला तर 84 खांब. पण आपली भाताची शेतं चौरस थोडीच असतात! तोच एकर शंभर फूट रुंद असेल तर लांबी 435 फूट, वेढा 1070 फूट, आणि खांब 107. जमीन तेवढीच, खांब तेवीस जास्त.

आता ट्रॅक्टर. लहान ट्रॅक्टरची मागची उचल कमी असते. गिरमिट पूर्ण वर उचललं तरी टोक जमिनीला घासत असेल तर एका खड्ड्याकडून दुसऱ्याकडे जाणार कसं? दुकानातल्या फरशीवर नाही, ज्या ट्रॅक्टरला लावायचं त्यालाच लावून, उचलून पाहा. अरुंद बांधावर ट्रॅक्टर उभा राहत नाही, शेतातूनच मागे घ्यावा लागतो, तेवढी जागा आहे का तेही पाहा. परदेशात खांब हातोड्यासारखे ठोकून बसवणारं यंत्रही ट्रॅक्टरला लावतात. ते टोकदार लाकडी आणि लोखंडी खांबांसाठी. आपला सिमेंटचा खांब त्या घावाने तडकेल. हातात धरायचं पेट्रोलवरचं यंत्रही मिळतं. दहा-वीस खांबांना ठीक, पण मुळात किंवा दगडात अडकलं की हाताला असा हिसका देतं की मनगट जायचं.

आणि वेळ. भर पावसात चिकट माती गिरमिटाला लपेटून बसते. मे महिन्यात वाळलेल्या मुरुमावर ते नुसतं घासतं, कारण ट्रॅक्टरची उचल त्याला खाली दाबत नाही, ते आपल्या वजनानेच उतरतं. मग काय करतात? कुणालातरी सांगतात, "जरा वर बस, वजन दे." आम्हांलाही सांगितलं. बायांनो, कोणी कितीही सांगो, बसू नका, पोराला बसवू नका. आदल्या दिवशी खुणेवर पाणी ओतून ठेवा. खाली कातळ लागला तर तिथे पहारच. गिरमिट दगड फोडत नाही. अडकलं तर तुटावा म्हणूनच त्यात एक नरम बोल्ट घातलेला असतो. तो तुटला म्हणून कडक बोल्ट घालू नका, पुढच्या वेळी गिअरबॉक्स जाईल.

मला खरं बोलायचं आहे ते पदराबद्दल. भाड्याच्या यंत्राच्या दांड्यावर प्लॅस्टिकचं आवरण नव्हतं. आमच्या गटातल्या काकू खुणेची काठी काढायला वाकल्या आणि पदर गेला. लुगडं जुनं, विरलेलं होतं, म्हणून फाटलं आणि काकू वाचल्या. नवं असतं तर? हा दांडा मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. अडीच इंच जाडीचा धरला तरी सेकंदाला सहा फूट कापड गुंडाळतो. साडेपाच मीटरची साडी तीन सेकंदांत. ओरडायलाही वेळ नाही. मळणी यंत्रांत हात जाऊ लागले तेव्हा 1983 साली धोकादायक यंत्रांचा कायदा झाला. पण आपल्या शेतात रोज कोण तपासायला येणार? काकूंना सगळे म्हणाले, "साडी सांभाळायला नको का?" दांडा उघडा का, हे कोणी विचारलं नाही. आम्ही यंत्र घेतलं ते आवरण असलेलंच. साखळी लावलेलं, दांड्याबरोबर न फिरणारं. दुकानदार म्हणाला, "हे काढूनच ठेवतात सगळे." आम्ही म्हटलं, आमच्याकडे नाही काढणार. आता कामाला पदर खोचून, वर शर्ट घालून जातो, वेण्या बांधतो, ओढणी घरी. आणि ट्रॅक्टर बंद झाल्याशिवाय कोणी दांड्याजवळ जात नाही.

कागदांचं थोडक्यात सांगते. शेती यांत्रिकीकरणाची केंद्राची योजना 2014-15 पासून आहे. त्यात बाई शेतकऱ्याला मर्यादेपर्यंत निम्मं अनुदान मिळतं, इतरांना सर्वसाधारणपणे चाळीस टक्के. ऐकायला छान. पण त्यासाठी सातबाऱ्यावर तुमचं नाव हवं. आमच्या अकराजणींपैकी तिघींचंच निघालं! मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांबरोबरीचा हक्क महाराष्ट्राने 1994 साली दिला, देशाने 2005 साली. वारली, मल्हार कोळी बहिणींना हिंदू वारसा कायदा आपोआप लागू होत नाही, त्यांची वाट आणखी अवघड. मात्र वनहक्काचा दावा असेल तर 2006 च्या कायद्याप्रमाणे पट्टा नवराबायको दोघांच्या नावे व्हायला हवा. तपासा, कोणाच्या नावे झालाय ते.

खांबाआधी भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या. मी ती करून घेतली तेव्हा माझा बांध चार फूट आत आलेला निघाला. शेजारी आमचेच चुलतभाऊ. महिनाभर बोलणं बंद होतं, पण खांब मोजणीच्या खुणेवरच बसले. आणि खोदण्याआधी खाली पाइप किंवा केबल आहे का ते विचारा. कारखान्यांचं सांडपाणी नवापूरच्या समुद्राकडे नेणारी पाइपलाइन आपल्याच भागातली आहे.

परवा सकाळी माझ्या शेतात फाटकाचे दोन खांब बसवायचे आहेत. ज्यांना यंत्र चालताना पाहायचंय त्यांनी यावं. येताना सातबारा घेऊन या, नाव आहे की नाही ते तिथेच पाहू. पदर खोचून या.