गोलात उभं राहणारं पोर
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय 'आपल्या सोसायटीतील क्रीडा उपक्रम' आणि वेळ दिलाय दहा मिनिटं. सगळ्या उपक्रमांवर बोलायचं तर सुरुवात कॅरमपासून करावी लागेल, आणि गणपतीतल्या कॅरम फायनलचा वाद अजून मिटलेला नाही. म्हणून मी फक्त एका गोष्टीवर बोलतो. ओपन स्पेसवर रोज सकाळी जी पोरं फुटबॉल खेळतात, त्यांच्यातल्या गोलीवर. तीन गोली आहेत आपल्याकडं. दोन मुलगे, एक मुलगी. जूनपासून मी त्यांची तयारी घेतोय.

गोली कोण होतो, हे तुम्ही बघितलंच असेल. दोन संघ पाडले की जे पोर उरतं, ते गोलात. जरा जाड असलं तर गोलात, सगळ्यात लहान असलं तर गोलात, आणि ज्याचा बॉल आहे पण ज्याला खेळता येत नाही, तोही गोलात. आवडीनं कुणी जात नाही. मोठ्या खेळातही या जागेला मान कमीच. २०१७ साली भारतात सतरा वर्षांखालील विश्वचषक झाला. त्यात पुढच्या फळीत कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, आपल्या पोरांना नाव पाठ आहे. त्याच संघाचा गोली मणिपूरचा धीरजसिंग. ते नाव मी विचारलं तर सगळे गप्प. युरोपातला सर्वोत्तम खेळाडूचा जो 'बॅलन डी'ऑर' पुरस्कार आहे, तो पुरुषांत आजवर एकाच गोलीला मिळालाय, रशियाच्या लेव याशिनला, १९६३ साली. पण आपल्या शेजारच्या गोव्याचे ब्रह्मानंद संखवाळकर गोलीच होते. ते भारताचे कर्णधार झाले, १९९७ साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला आणि २०२२ साली पद्मश्री. हे मी तिघांनाही सांगून ठेवलंय.

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींचे सामने बघायला गर्दी लोटते. आपला जिल्हा फुटबॉलचा नाही. आपला जिल्हा खो-खोचा. सारिका काळे इथलीच. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या नेतृत्वाखाली भारतानं सुवर्ण जिंकलं आणि २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. तुम्ही म्हणाल, याचा गोलीशी काय संबंध? फार आहे.

गोलीची पहिली अडचण असते पडण्याची भीती. मुरमाड जमिनीवर कोण अंग टाकणार? आमच्या दोन्ही मुलांनी जूनचा सगळा महिना पाय पुढं करून बॉल अडवण्यात घालवला. आणि तिसऱ्या गल्लीतली जी मुलगी आहे, ती शाळेत खो-खो खेळते. पहिल्याच दिवशी तिनं बॉलवर असा सूर मारला की मीच घाबरलो. खो-खोत गडी बाद करायला पोरं जमिनीला समांतर झेपावतात, त्यामुळं भीती तिला ठाऊकच नाही. फक्त ती पोटावर पडायची. गोलीनं कुशीवर पडायचं असतं. मांडीची बाजू, मग कंबर, मग खांदा, या क्रमानं अंग जमिनीला लागलं पाहिजे. कोपर किंवा पोट आधी टेकलं की दुखापत आलीच, आणि पोटावर पडलेल्याला बॉल दिसतही नाही. तिला पोटावरून कुशीवर आणायला तीन आठवडे लागले. मुलांना आधी बसून, मग गुडघ्यावर, मग उकिडवं आणि शेवटी उभ्यानं पडायला शिकवलं. खाली जुन्या गाद्या. मैदानावर पाणी मारून माती मऊ करावी म्हणतात, पण ज्या गावात नळाची वाट बघत दिवस जातात तिथं मैदानाला पाणी मारणाऱ्याला तुम्हीच हाणाल. म्हणून गाद्या.

जुलैत जरा पाऊस झाला, माती बसली आणि पकडायचं शिकवता आलं. छातीच्या वर येणारा बॉल धरताना दोन्ही अंगठे बॉलच्या मागं जवळजवळ टेकलेले हवेत, नाहीतर बॉल मधून निसटून तोंडावर येतो. सरपटत येणाऱ्या बॉलला एक गुडघा खाली घालून मागं भिंत करायची, क्रिकेटमधे सीमारेषेवरचा खेळाडू करतो तशी. ओला बॉल छातीशी कवटाळायचा. हे सगळं सवयीचं काम आहे, रोज शंभर वेळा केलं की येतं.

जागा कुठं घ्यायची, हे मात्र सवयीनं येत नाही, डोक्यात शिरावं लागतं. पूर्ण गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच. म्हणजे जवळपास १८ चौरस मीटर, आपल्या एखाद्या बेडरूमपेक्षा मोठा दरवाजा. सातवीतलं साडेचार फुटी पोर त्यात उभं केलं तर उडी मारूनही वरच्या दांडीला हात लागत नाही. म्हणून ओपन स्पेसवर आम्ही बांबूंचा ५ मीटर बाय २ मीटरचा गोल केलाय. तोही मोठाच वाटतो. मग मी चऱ्हाट आणलं. दोन्ही खांबांना एकेक टोक बांधलं आणि मधला भाग ओढून जिथं बॉल ठेवलाय तिथं खुंटीला अडकवला. समोर त्रिकोण तयार झाला. गोलीला म्हटलं, गोलरेषेवर उभा राहा. दोन्हीकडं दोरीपर्यंत दोन-दोन ढांगा जागा उघडी. आता दोन्ही दोऱ्यांच्या बरोबर मधून बॉलकडं चालत ये. चार पावलं आला, हात पसरले, बोटं दोरीला लागली. पोरगं माझ्याकडं बघतच राहिलं. "काका, गोल बारका झाला!" म्हणाला. एवढ्यासाठी एक हंगाम शिकवावं, असं मला वाटतं. अर्थात फार पुढं आलं की डोक्यावरून बॉल जातो, तेही त्यांनी अनुभवानं शिकून घेतलं.

आणि ओरडणं. गोलीला सगळं मैदान समोर दिसतं, म्हणून त्यानं बोललं पाहिजे. "माझा" म्हटलं की बाकीच्यांनी बाजूला व्हायचं. सकाळी साडेसहाला ते "माझा! माझा!" ऐकून काही सभासदांची झोपमोड होते, याची मला कल्पना आहे. दुसरा आवाज येतो तो आकडे मोजण्याचा. २०२५-२६ च्या हंगामापासून नवा नियम आलाय. गोलीनं बॉल आठ सेकंदांपेक्षा जास्त हातात धरला की समोरच्या संघाला कॉर्नर. त्यामुळं हल्ली सगळी पोरं कोरसमधे मोजतात.

आता मुख्य गोष्ट. ऑगस्टमधे एका शाळेच्या संघाशी आमचा सामना झाला आणि आम्ही ५-० हरलो. गोलात आमचा सातवीतला होता. तिसऱ्या गोलानंतर बाहेरून आवाज सुरू झाले, "अरे काढा त्याला", "हाताला मेहंदी लावली का रे?" आवाज आपलेच होते, बाहेरचे नव्हते. पोरानं पाचवा गोल अडवायचा प्रयत्नही केला नाही, नुसता उभा राहिला. दुसऱ्या दिवशी आला नाही. चौथ्या दिवशी त्याच्या आईनं हातमोजे माझ्या घरी आणून दिले, "नको म्हणतो" म्हणाल्या.

मी समजावायला गेलो नाही. एक वही घेऊन गेलो. त्याच्यासमोर बसून पाचही गोल कसे झाले ते लिहिलं. बॉल कुणाकडनं हरवला, कुणी अडवायला हवं होतं, शेवटी कोण चुकलं. दोन गोल आमच्या मधल्या फळीनं बॉल फुकट दिल्यामुळं, एक बचावपटू पाय घसरून पडला म्हणून, एक पेनल्टी. पेनल्टी ११ मीटरवरून असते, मोठ्या स्पर्धांतही साधारण चारातल्या तीन आतच जातात. उरला एक, तो त्याचा, जागा सोडून पुढं आला होता. तो त्यानंच ओळखला. बॉल गोलीपर्यंत येण्याआधी दहा जणांना चुकवून आलेला असतो. पण बघणाऱ्याला शेवटचाच माणूस दिसतो. मग त्याला मोबाइलवर २०२३ च्या सॅफ स्पर्धेची फायनल दाखवली, बंगळुरूला ४ जुलैला झालेली. पहिला गोल कुवेतनं केला. तो खाणारा गोली होता गुरप्रीतसिंग संधू. पुढं सामना पेनल्टींवर गेला आणि कुवेतची शेवटची किक त्याच गुरप्रीतनं अडवली. पोरानं ते तीनदा पाहिलं. सोमवारी हातमोजे न्यायला आला.

तेव्हापासून प्रत्येक सामन्यानंतर ती वही भरते. आता तिघंही स्वतः लिहितात, अक्षर वाईट आहे. सामना चालू असताना गोलीचं नाव घेऊन बाहेरून कुणी ओरडायचं नाही, एवढी एकच विनंती मी पालकांना केली आहे. ती बहुतेकांनी पाळली.

दुसरी विनंती संचालक मंडळाला. ओपन स्पेसवर पेव्हिंग ब्लॉक बसवायचा विषय येत्या सर्वसाधारण सभेपुढं आहे. पावसाळ्यात मंदिराकडं जाताना चिखल होतो, ज्येष्ठांचे पाय घसरतात, हे खरंच आहे. माझा विरोध नाही. पण ब्लॉकवर सूर मारता येत नाही, सिमेंटवर कुशी टेकवायला मी कुठल्याच पोराला सांगणार नाही. तेव्हा रस्त्यापासून मंदिरापर्यंत आणि प्रदक्षिणेपुरते ब्लॉक बसवावेत, आणि पूर्वेच्या कंपाउंडलगतची बारा मीटर बाय आठ मीटर जागा मातीची ठेवावी. माप मी टेप लावून घेतलंय, नकाशा सचिवांकडं दिलाय. गाड्यांच्या काचांची काळजी असेल, तर जाळीचा खर्च आम्ही पालक वर्गणीतून करू. तसा ठराव मी मांडणार आहे, अनुमोदक हवा आहे.

आणि घरात जुनी कापसाची गादी असेल तर भंगारवाल्याला देऊ नका. तिसऱ्या गल्लीच्या कोपऱ्यावर माझं घर आहे, व्हरांड्यात आणून टाका.