यंत्रमानवाचे स्नायू कोणाच्या हाती?

(उद्योजक मेळाव्यातील व्याख्यानाचे शब्दांकन)



२००८ साली पुण्यात आशिया-प्रशांत देशांतील विद्यार्थ्यांची रोबोकॉन स्पर्धा भरली होती. यजमान भारताने तिच्यासाठी विषय निवडला होता गोविंदाचा. गोकुळातील सवंगड्यांप्रमाणे यंत्रांनी उंचावरचे लोणी काढायचे, असा तो खेळ. आज यंत्रमानवाची चर्चा निघाली की सारे त्याच्या बुद्धीविषयी बोलतात. परंतु लोण्यापर्यंत हात पोहोचवते ती मोटर, आणि त्या मोटरला क्षणोक्षणी आज्ञा देतो तो तळहातापेक्षाही लहान असा एक सर्किट बोर्ड. आजचा विषय हाच बोर्ड आहे.

घरातील मिक्सरची मोटर बहुतेकांच्या परिचयाची असते. तिच्यात कार्बनचे दोन तुकडे फिरत्या भागावर घासत राहतात. काही वर्षांनी ते झिजतात, ठिणग्या उडतात आणि दुरुस्तीवाला ‘कार्बन गेले’ असे सांगतो. ब्रशविरहित मोटरमध्ये हे घर्षणच नाही. चुंबक फिरतात, तारांची वेटोळी स्थिर राहतात, आणि कोणत्या वेटोळ्यात केव्हा किती प्रवाह सोडायचा, हे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक ठरवतो. मुंबईच्या आयआयटीतील तरुणांनी २०१२ साली स्थापन केलेल्या अ‍ॅटमबर्गने याच तत्त्वावरचे छताचे पंखे मध्यमवर्गीय घरांत पोहोचवले. जेथे जुना पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेई, तेथे हा २८ वॅटमध्ये भागवतो.

पंख्याचे काम मात्र सोपे, त्याला नुसते फिरायचे असते. यंत्रमानवाच्या गुडघ्याला स्थिर उभे राहूनही भार पेलावा लागतो आणि पुढच्याच क्षणी झेप घ्यावी लागते. त्यासाठी नियंत्रक चुंबकाचा नेमका कोन आणि तिन्ही तारांतील प्रवाह सेकंदाला हजारो वेळा मोजतो. त्यामागचे गणित जुने आहे. रॉबर्ट पार्क यांचा त्यासंबंधीचा प्रबंध १९२९चा. कठीण आहे ते हे गणित तांब्यात आणि सिलिकॉनमध्ये उतरवणे. प्रत्येक तारेसाठी वर एक आणि खाली एक असे इलेक्ट्रॉनिक स्विच असतात. ते दोन्ही निमिषमात्र एकदम चालू झाले, तरी बॅटरीचा सारा प्रवाह थेट त्यांच्यातून धावतो आणि बोर्ड जळतो. धावता पाय एकाएकी थांबला की मोटरच जनित्र बनते आणि वीज उलट मागे लोटते. ती सामावून घेण्याची सोय नसेल तर पुन्हा धूर. कागदावर निर्दोष दिसणारा परिपथ प्रयोगशाळेत असा किती वेळा जळतो, याचा हिशेब कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. उद्योगाचे खरे भांडवल तेच आहे.

आता व्यापाराची बाजू पाहा. २०१५च्या सुमारास बेंजामिन वेडर या स्वीडिश अभियंत्याने आपल्या नियंत्रकाचा संपूर्ण आराखडा जगाला खुला केला. २०१८ साली अमेरिकेतील एमआयटीमध्ये बेन कॅट्झ या विद्यार्थ्याने प्रबंधासाठी स्वस्त आणि चपळ असा मोटर-संच घडवला. त्यावर उभा राहिलेला ‘मिनी चीता’ हा सुमारे नऊ किलोचा चतुष्पाद उलटी कोलांटी मारू लागला. कॅट्झनेही आपले काम खुले ठेवले. या दोन्ही आराखड्यांचा सर्वाधिक व्यापारी लाभ उठवला तो चीनमधील कारखान्यांनी. ‘ओड्राइव्ह’ या नियंत्रकाचे आरंभीचे आराखडेही खुले होते. त्याच्या स्वस्त नकला बाजारात आल्या. त्या कंपनीची पुढची उत्पादने बंद आराखड्याची आहेत. यात कोणाला दोष देण्याचे कारण नाही. विद्या वाटली की ती ज्याच्याजवळ कारखाना आहे त्याला फळते. हँगचौ येथील युनिट्री ही कंपनी २०१६ साली निघाली आणि स्वतःच्या मोटरी स्वतः बनवीत जगभर यंत्रकुत्रे विकू लागली. आराखडे तर भारतीय विद्यार्थ्यांनाही तितकेच उपलब्ध होते.

फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. ते योग्यच झाले. परंतु सुट्या भागांना मुभा राहिली, आणि सुट्या भागांत मोटर व तिचा नियंत्रकही येतो. वर भारतीय नाव आणि आत परकीय स्नायू, या व्यवस्थेला स्वदेशी म्हणायचे काय? एप्रिल २०२५ मध्ये चीनने काही दुर्मीळ मृदा-धातू आणि त्यांच्या चुंबकांवर निर्यात-निर्बंध लादले, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर मिळाले. पुण्याच्या बजाज ऑटोसारख्या बलाढ्य उद्योगाच्याही विद्युत दुचाकींच्या उत्पादनाला त्याची झळ बसली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने चुंबकनिर्मितीसाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली.

चुंबकांचे काम सरकार आणि मोठे उद्योग पाहतील. नियंत्रकाचे तसे नाही. त्यासाठी खाण लागत नाही. चार-पाच जाणकार अभियंते, मोजमापाची चांगली उपकरणे आणि दोन-तीन वर्षे तग धरण्याइतके पैसे एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. त्यातील चिप आजही बहुधा परदेशीच असेल, हे लपवण्यात अर्थ नाही. तरीही आराखडा, आज्ञावली आणि चाचणीचे ज्ञान आपले असले, तर एका पुरवठादाराने हात आखडल्यास दुसऱ्याची चिप घेऊन बोर्ड नव्याने मांडता येतो. बंद डबीत आलेल्या नियंत्रकाबाबत तेही शक्य नसते. दत्तोपंत ठेंगडी यांच्या प्रेरणेने १९९१ साली स्वदेशी जागरण मंच उभा राहिला, तेव्हाची स्वदेशीची चर्चा साबण आणि शीतपेयांपर्यंत पोहोचली होती. दिवाळीत परकीय दिव्यांच्या माळा नाकारणे सोपेच आहे. कारण माळ नाही लावली तर कोणाचे काही अडत नाही. येथे अडते.

येथे खरी अडचण पहिल्या ग्राहकाची आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर घडवला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि विक्रीसाठी त्यांना दीर्घकाळ वाट पाहावी लागली. नव्या नियंत्रकाकडे कारखानदार आज त्याच नजरेने पाहतो. तो विचारतो: किंमत आयात बोर्डाएवढी का नाही? जळला तर बदलून कोण देणार? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. शंभर नग बनवणाऱ्याला सुटे भाग महागच पडतात, लाख नग बनवणाऱ्याची किंमत त्याला देता येत नाही. मात्र दुसऱ्या प्रश्नात त्याला संधी आहे. चाकणच्या किंवा सातपूरच्या कारखान्यात यंत्र बंद पडले, तर परदेशातून आलेल्या स्वस्त बोर्डाचा विक्रेता तेथे येणार नाही. हा तरुण दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभा राहू शकतो, जळलेला बोर्ड उघडून कारण सांगू शकतो आणि पुढच्या खेपेत ती उणीव दूर करू शकतो.

या सभागृहात स्वतःचे कारखाने असणारे अनेक जण बसले आहेत. त्यांनी आपल्या एका यंत्रावर, उत्पादन अडणार नाही अशा जागी, असा एक स्वदेशी नियंत्रक सहा महिने चालवून पाहावा. तो जळाला तर जळलेला बोर्ड कचऱ्यात न टाकता बनवणाऱ्याला परत पाठवावा, सोबत तेव्हाचा भार आणि तापमान लिहून.