पगारी भटजी नाहीं, तरी पुरोहितपण आहे
(मॉर्मन पंथावरील व्याख्यान)



धर्म चालवावयाचा म्हणजे त्यासाठीं भटजींचा निराळा वर्ग पोसलाच पाहिजे, असें पुष्कळांस वाटतें. त्यांनीं अमेरिकेंतील मॉर्मन पंथाची व्यवस्था अवश्य पाहावी. तींत घेण्यासारखें आहे, तसेंच सावध होण्यासारखेंही आहे.

हा पंथ शेतकऱ्याचा मुलगा जोसेफ स्मिथ यानें ६ एप्रिल १८३० रोजीं न्यूयॉर्क संस्थानांत स्थापिला. १८४४ सालीं जमावानें त्याचा खून केला. पुढें ब्रिगहॅम यंगच्या पुढारीपणाखालीं हे लोक १८४७ सालीं यूटाच्या ओसाड खोऱ्यांत जाऊन वसले.

त्यांच्या स्थानिक मंडळीस 'वॉर्ड' म्हणतात व तिच्या मुख्यास बिशप. बिशप म्हटला कीं झगा आणि वाडा डोळ्यांपुढें येतो. पण हा बिशप आठवडाभर आपलें शेत, दुकान किंवा कचेरी सांभाळतो, आणि संध्याकाळीं व रविवारीं मंडळीचें काम पाहतो. पगार एका दमडीचाही नाहीं. पांचएक वर्षें झालीं कीं पद खालीं ठेवून तो पुन्हां सर्वांबरोबर बांकावर बसतो. रविवारचें प्रवचनही मंडळींतलेच लोक करतात. आज एखादा सुतार, उद्यां एखादी गृहिणी. महिन्यांतून एकदां दोन वेळचें जेवण सोडून त्याचे पैसे गरिबांसाठीं देतात.

पुरोहितपणाच्या पायऱ्या दोन: अहरोनी व मलकीसदेकी. बारावें वर्ष ज्या सालीं पुरें होतें त्या सालापासून मुलास पहिली मिळूं शकते; दुसरी प्रौढास. डोक्यावर हात ठेवून ती दिली जाते. प्रभुभोजनाची भाकर व पाणी हींच पोरें वाटतात. पुरोहिताच्या घरीं जन्मावें लागत नाहीं.

मग सारें आलबेल आहे काय? नाहीं. बिशप निवडला जातो तो वरून. लोकांनीं फक्त हात वर करून संमति द्यावयाची. अगदीं वर अध्यक्ष व बारा प्रेषित तहहयात असतात, व पूर्ण वेळ देणाऱ्या या वरिष्ठांस निर्वाहापुरता भत्ता मिळतो.

याहून मोठी गोष्ट पुढेंच आहे. १८३६ सालीं एलायजा एबल या काळ्या गृहस्थास पुरोहितपण मिळालें होतें. तरी १८५२ सालीं यंगनें जाहीर केलें कीं, आफ्रिकन वंशाच्या पुरुषांस तें द्यावयाचें नाहीं! सव्वाशे वर्षें हा बांध टिकला. ब्राझीलमध्यें मिश्र रक्ताचे लोक फार. तेथें कोणाचा आजा कोण होता हें ठरवितां ठरवितां पंचाईत झाली. अखेर जून १९७८ मध्यें अध्यक्ष किंबॉल यांनीं बंदी उठविली. बंदीच्या समर्थनार्थ सांगितलेल्या जुन्या उपपत्ति पंथानें २०१३ सालीं उघडपणें नाकारल्या. स्त्रियांची 'रिलीफ सोसायटी' १८४२ पासून आहे, पण पुरोहितपण त्यांना अद्याप नाहीं. तें मागणाऱ्या केट केली या बाईंस २०१४ सालीं पंथाबाहेर काढलें.

यावरून आम्ही इतकेंच म्हणतों: दक्षिणा गेली म्हणजे सोंवळें गेलें असें नाहीं. साधा माणूस धर्मकार्य उत्तम चालवितो, हें मॉर्मनांनीं दाखविलें. परंतु 'साधा माणूस' म्हणजे कोण, हें ठरविण्याचा अधिकार कोणाच्या हातीं आहे, हा प्रश्न प्रत्येक पंथास विचारलाच पाहिजे.