टोकियोचे शिक्षकपीठ



जपानमध्ये सर्वांसाठी शाळा उघडण्याचा शिक्षणकायदा १८७२ साली जाहीर झाला. त्याच्या काही महिने आधीच टोकियोत युशिमा येथे, कन्फ्यूशियन विद्येच्या जुन्या पीठाच्या जागेत, शिक्षक घडविणारे विद्यालय स्थापन झाले होते. आधी शिक्षक, मग शाळा, हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. मॅरियन स्कॉट हे अमेरिकन अध्यापक तेथे दुभाष्यामार्फत शिकवीत. पूर्वी गुरू एकेका मुलाला जवळ बसवून पाठ देत असे. आता सारा वर्ग फळ्यासमोर एकत्र बसू लागला.

या संस्थेला खरे व्यक्तिमत्त्व दिले ते ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी. १८९३ पासून, मधले काही खंड वगळता, १९२० पर्यंत ते प्राचार्य होते. दुर्बल देहाचा शिक्षक मुलांना काय देणार, असा त्यांचा रोकडा विचार. म्हणून भावी शिक्षकांना, मग ते गणिताचे असोत वा इतिहासाचे, त्यांनी दूरच्या पल्ल्याचे धावणे आणि पोहणे शिकावयास लावले. येथलाच विद्यार्थी शिझो कानाकुरी १९१२ साली स्टॉकहोम ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये धावला. उन्हाने त्याला शर्यत अर्ध्यावर सोडावी लागली, हे खरे. परंतु पुढे त्याने आयुष्य धावपटू घडविण्यातच वेचले.

१९४९ साली या परंपरेतून टोकियो शिक्षण विद्यापीठ उभे राहिले. भौतिकीचे नोबेल मानकरी तोमोनागा येथले प्राध्यापक, काही काळ कुलगुरूही. पाठ्यपुस्तकांच्या सरकारी तपासणीविरुद्ध १९६५ साली न्यायालयात गेलेले इतिहासकार साबुरो इएनागा हेही येथलेच. शिक्षक घडविणाऱ्या संस्थेत विद्वत्ता दुय्यम असते, हा समज या दोन नावांपुढे टिकत नाही.

विद्यापीठ त्सुकुबा येथे हलविण्याचा प्रस्ताव आला तेव्हा मात्र घर दुभंगले. साहित्य विद्याशाखेने कडवा विरोध केला, विद्यार्थ्यांनी संप केला. १९६९ साली शारीरिक शिक्षण वगळता प्रवेशपरीक्षाच रद्द झाल्या. प्रश्न केवळ जागेचा नव्हता. विद्यापीठाचा कारभार अध्यापकांनी चालवावा की वरून नेमलेल्यांनी, हा होता. विरोधक हरले. १९७३ साली त्सुकुबा विद्यापीठ उघडले आणि १९७८ साली जुने विद्यापीठ बंद झाले.

टोकियोतील ओत्सुका येथील जुन्या आवाराच्या काही भागात आज सार्वजनिक उद्यान आहे. त्याचे नाव ‘शिक्षणाचे वन’. संलग्न प्राथमिक शाळा मात्र त्सुकुबाला गेली नाही; ती उद्यानाशेजारीच भरते.