उसाच्या फडावरील मजुरांचे हक्क

सुरत जिल्ह्यातील साखर कारखान्यांच्या ऊसतोडीत मजुरांची संख्या माणसांनी मोजण्याचा प्रघात नाही. तेथे मोजतात तो कोयता. मुकादमाने वीस कोयते आणले असे म्हटले, की वीस नवरे आणि वीस बायका आल्या असे समजावयाचे. बीड आणि अहिल्यानगरकडील ऊसतोडीची ज्यांना माहिती आहे, त्यांना हा शब्द नवा नाही. तथापि त्यातील अन्याय नेहमीच ध्यानात येतो असेही नाही. उचल दिली जाते ती कोयत्याला, हिशेब होतो तो कोयत्याचा आणि पैसा पडतो तो पुरुषाच्या हाती. ऊस सोलणारी, मोळ्या बांधणारी आणि डोक्यावरून त्या गाडीपर्यंत वाहून नेणारी स्त्री त्या एका शब्दात बुडून जाते. मोळ्या बांधण्यास हातभार लावणारे दहा-बारा वर्षांचे पोर तर कोणत्याच मोजणीत येत नाही. हत्याराला नाव आहे, ते चालविणाऱ्या हातांना नाही.

दिवाळी आटोपते न आटोपते तोच नंदुरबार, धुळे, डांग आणि तापी या जिल्ह्यांतील पाड्यांतून मालमोटारी भरभरून सुरतेच्या मैदानाकडे निघतात. भांडीकुंडी, धान्याची गाठोडी, कोंबड्या, तान्ही मुले असा सारा संसार त्यांत असतो. नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे, ही गंमत प्रवाशांना ठाऊक असते. मावची, कोकणी आणि भिल्ल मजुरांना मात्र ती सीमा अशी गमतीची वाटण्याचे कारण नाही. एका राज्यातला हा रहिवासी दुसऱ्या राज्यात पाऊल टाकताच कोणत्या सरकारने त्याची दाद घ्यावयाची, हा प्रश्न तेथेच उभा राहतो. बारडोली, मढी, चलथाण, सायण, कामरेज, महुवा या कारखान्यांच्या परिसरात हे लोक वैशाख सरेपर्यंत राहतात. राहतात म्हणावयाचे एवढेच. रस्त्याच्या कडेला किंवा मोकळ्या शेतात बांबूच्या चार काटक्यांवर कापड टाकले की घर झाले. दक्षिण गुजरातेत दर हंगामास येणाऱ्या अशा मजुरांची संख्या दीड ते दोन लाख सांगितली जाते.

हा ओघ भूक सुरू करते, आणि तिची खरी वेळ पावसाळा. घरातील धान्य संपलेले, नवे पीक अद्याप उभे, अशा आषाढ-श्रावणात मुकादम पाड्यावर येतो आणि उचल देतो. ही उचल हंगामाच्या अखेरीस मजुरीतून वळती होते, आणि ती दीडपट होऊन वळती होते. दहा हजार घेतले तर पंधरा हजार फेडावयाचे, असा त्याचा अर्थ. मधल्या काळात हाती मजुरी पडत नाही. पडते ती खावटी, म्हणजे ज्वारी आणि किरकोळ खर्चापुरते पैसे, आणि तीही पुढे हिशेबात कापली जाते. किती टन तोडला, किती उचलले, किती खाल्ले, हे सारे मुकादमाच्या वहीत. लिहिणारा तो, वाचणारा तो आणि बेरीज मांडणाराही तोच. सहा महिने राबल्यानंतर शेवटच्या दिवशी आपल्या हाती काय येणार, हे ज्याला सांगता येत नाही, त्यास स्वतंत्र कामकरी म्हणणे कठीण आहे.

हे घडते ती भूमी बारडोलीची आहे. १९२८ मध्ये येथील शेतकऱ्यांनी वाढीव सारा देण्याचे नाकारले, आणि वल्लभभाई पटेल यांच्या नेतृत्वाखाली चाललेल्या त्या सत्याग्रहाने सरकारला चौकशी नेमावयास लावली. बावीस टक्क्यांची वाढ त्या चौकशीअंती सुमारे सहा टक्क्यांवर आली. सरकारी हिशेब चुकीचा आहे, तो पुन्हा तपासा, एवढीच मुळात ती मागणी होती. आज मजुराची मागणीही याहून निराळी नाही, हे बारडोलीत तरी कोणाला समजावून सांगावे लागू नये.

त्याच बारडोलीच्या शेतांत त्या काळी दुबळा जातीचे भूमिहीन लोक हाळी म्हणून राबत. खानदेशात ज्याला सालदार म्हणत त्याचाच हा अधिक कडक प्रकार. लग्नासाठी काढलेले कर्ज कधी फिटत नसे, आणि बापाच्या मागून मुलगा त्याच खुंट्याला बांधला जाई. गांधीजींच्या कार्यकर्त्यांनी त्यांना हळपती हे मानाचे नाव दिले. वेडछीच्या आश्रमातून जुगतराम दवे यांनी अर्धशतकाहून अधिक काळ आदिवासींमध्ये आणि हळपतींमध्ये शिक्षणाचे व सेवेचे काम केले. हाळीची मुक्ती १९३९ मध्ये जाहीर झाली. पुढे वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ मध्ये संसदेने केला, आणि कागदोपत्री हा अध्याय संपला.

मग पाणी आले. तापीवर काक्रापारचा बंधारा १९५४ मध्ये आणि उकाईचे धरण १९७२ मध्ये पुरे झाले. कालव्यांनी सुरतेचे मैदान उसाने हिरवे करून टाकले. सहकारी कारखाने उभे राहिले, आणि त्यांनी शेतकऱ्याचे दारिद्र्य हटविले हे नाकारण्याचे कारण नाही. सहकाराचे हे यश खरे आहे. पण ऊस तोडण्यास कारखान्यांनी बोलाविले ते शेजारच्या हळपतीला नव्हे, शंभर-दीडशे मैलांवरच्या परक्या माणसाला. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन हे १९६२ च्या सुमारापासून या भागात वारंवार येऊन राहिले आणि त्यांनी येथील श्रमिकांचा आयुष्यभर अभ्यास केला. बारडोलीच्या ऊसतोडीवरील त्यांचा निबंध १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. ऊस आणि श्रम या दोहोंच्या गाळपाचा उल्लेख त्याच्या शीर्षकातच आहे. स्थानिक मजूर हाताशी असता बाहेरचा का आणावयाचा, या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर थोडक्यात असे, की घरापासून दूर आणलेला मजूर दिवसरात्र केव्हाही कामावर बोलावता येतो. त्याला जाण्यास दुसरी जागा नसते, आणि त्याच्या अंगावर उचल असते. हळपतीला सायंकाळी घर असते; परक्या मजुराला फडच घर असतो.

या लोकांत जी संघटना आज काम करते आहे, तिचे नाव मजूर अधिकार मंच. गुजरातेतील असंघटित मजुरांची ही संघटना असून वीटभट्ट्यांवर आणि उसाच्या फडावर तिचा वावर आहे. तिच्या कामात डोळे दिपविणारे फारसे काही नाही. तळावर रात्री बैठक घेणे, कोणी किती उचल घेतली ते लिहून काढणे, मजुरी बुडाली असेल तर कामगार खात्याकडे अर्ज करणे, अर्जाचा पाठपुरावा करणे, असे हे काम आहे. बारा-चौदा तास ऊस तोडून आलेल्या माणसाशी रात्री कायद्याची भाषा बोलणे किती अवघड असेल, याची कल्पना करता येईल. रात्री-बेरात्री गाडी भरण्याचे बोलावणे आले की बैठक मोडते ती मोडतेच.

खरी अडचण मात्र वेगळीच आहे. मालक कोण, हेच प्रथम ठरवावे लागते. कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाने आणले. मुकादम म्हणतो, आपण केवळ मधला माणूस, पैसा कारखान्याचा. ज्याच्या शेतात ऊस उभा तो शेतकरी म्हणतो, तोडणी ठरविणे आपल्या हाती नाही. तोडणीचा क्रम कारखाना ठरवितो, गाडी तो पाठवितो, वजन त्याच्याच काट्यावर होते आणि मुकादमाला पैसाही त्याच्याच तिजोरीतून मिळतो. तरीही मजुराच्या बाबतीत त्याचे हात रिकामे असतात! आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा १९७९ मध्ये झाला तो नेमकी ही पळवाट बुजविण्यासाठी. पण नोंद झाल्यावाचून कायदा लागू कोणाला करावयाचा? म्हणून मंचाची पहिली लढाई मजुरीची नसून नोंदीची आहे, आणि ही निवड शहाणपणाची म्हटली पाहिजे.

मजुरीचे गणितही पाहण्यासारखे आहे. गुजरातेत ऊसतोडीचा किमान दर टनाला २३८ रुपये होता. एक कोयता दिवसाकाठी साधारण एक टन ऊस तोडून, सोलून, बांधून गाडीत भरतो. म्हणजे माणशी ११९ रुपये. आणि त्यासाठी पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस. मजुरी टनावर दिली की ती एका माणसाची की दोघांची, आठ तासांची की चौदा तासांची, हा प्रश्नच विचारला जात नाही. मंचाने हाच प्रश्न लावून धरला. मार्च २०२३ मध्ये गुजरात सरकारने हा दर दुप्पट करून ४७६ रुपये केला. एका सहीसरशी मजुरी दुप्पट होण्याचा योग क्वचितच येतो, आणि तो आला याचाच अर्थ आधीचा दर किती अपुरा होता हे सरकारनेही मान्य केले. महाराष्ट्रात कारखान्यांचा संघ आणि ऊसतोड कामगारांच्या संघटना समोरासमोर बसून दर ठरवितात. तेथे जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ मान्य झाली. गुजरातेत अशी बैठकीची परंपरा रुजलेली नाही, म्हणून सरकारी अधिसूचनेचे महत्त्व तेथे अधिक.

राज्यघटनेचे २३ वे कलम वेठबिगारीला मनाई करते. १९८२ मध्ये दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठी राबणाऱ्या मजुरांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. किमान वेतनाहून कमी मोबदल्यात काम करून घेणे ही या कलमान्वये सक्तीची मजुरीच होय, असा निकाल न्यायालयाने दिला. तो खटला उभा राहिला तो पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या छोट्या संघटनेने एका न्यायमूर्तींना पाठविलेल्या पत्रावरून. माणसाला बांधून ठेवण्यास साखळीच लागते असे नाही, गरजही पुरते, हे त्या निकालाने मान्य केले. दीडपट उचल या कसोटीला कशी उतरते, हे सांगण्यास वकिलाची आवश्यकता नाही.

खानदेशाच्या बाजूलाही या हक्कांची जाण नवी नाही. १९७२ मध्ये शहाद्यात श्रमिक संघटना स्थापन झाली. अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारख्या भिल्ल कार्यकर्त्याने सालदारांना आणि शेतमजुरांना संघटित होण्याचे धडे दिले, आणि गावच्या जमीनदारापुढे मान वर करून बोलण्याची सवय लावली. पण गावातल्या मालकाशी झगडणे एक आणि परमुलखात, परभाषेत, दर आठ-पंधरा दिवसांनी तळ हलवीत असता झगडणे दुसरे. फडावर उभे राहून काम बंद करावे, तर खावटी बंद होते. पाड्यावर परतावे, तर उचल फिटलेली नसते.

यामुळेच या कामाचा महत्त्वाचा भाग उसाच्या हंगामात नव्हे, पावसाळ्यात आणि सुरतेपासून दूर करावा लागतो. मुकादम पैसे घेऊन पाड्यावर पोहोचण्यापूर्वी तेथे कोणी तरी पोहोचावे लागते. उचलीची रक्कम, तिच्यावरील वाढ आणि टनाचा दर कागदावर लिहून घ्या, काट्याची चिठ्ठी मागा, आणि त्या कागदावर दोन नावे घाला, नवऱ्याचे आणि बायकोचे, एवढे चिखल तुडवीत पाड्यापाड्यांवर सांगावे लागते. ज्या घरात त्या दिवशी चूल पेटलेली नसते, त्या घरात हे ऐकून घेतले जाईलच असा भरवसा कोणी देत नाही; आणि मुकादमाच्या हातात रोख पैसे असतात.