ओक्लाहोमाचा वा-थो-हक

(एका व्यायामशाळेच्या वार्षिकोत्सवातील भाषणाचे शब्दांकन)



ऑलिम्पिकवर बोलावे, असे मला सुचविण्यात आले. पदकांचे तक्ते आपण वर्तमानपत्रांतून वाचतच असता. म्हणून आज अमेरिकेतील एकाच राज्याविषयी बोलणार आहे. ते राज्य म्हणजे ओक्लाहोमा.

आपण आखाड्याची माणसे, तेव्हा आरंभ कुस्तीपासूनच करतो. या राज्यातील स्टिलवॉटर या गावी एक विद्यापीठ आहे. एडवर्ड गॅलाघर नावाच्या वस्तादाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे कुस्ती रुजविली आणि त्या संघाने राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेतेपद आजवर तीसहून अधिक वेळा पटकाविले. तेथील जॉन स्मिथने 1988 साली सोलला आणि 1992 साली बार्सिलोनाला सुवर्णपदक मिळविले आणि पुढे 2024 पर्यंत त्याच आखाड्यात मुले घडविली. जपानचा योजिरो उएताके येथेच शिकला आणि स्वदेशासाठी 1964 व 1968 अशी लागोपाठ दोन सुवर्णपदके घेऊन गेला. त्याचा वजनगट बँटमवेट. आपल्या खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीला कांस्यपदक जिंकले तोच. एडमंड गावात वाढलेल्या शॅनन मिलर या मुलीने जिम्नॅस्टिक्समध्ये दोन ऑलिम्पिकमधून सात पदके आणली. ही झाली समृद्धीची बाजू.

परंतु या मातीतील सर्वश्रेष्ठ खेळाडू जन्मला तेव्हा ओक्लाहोमा हे राज्यच अस्तित्वात नव्हते. पूर्वेकडील सुपीक भूमीवरून हुसकावून लावलेल्या मूळ रहिवासी जमातींना ज्या प्रदेशात आणून टाकले, तो हा प्रदेश. पुढे हीही भूमी गोऱ्या वसाहतकारांना खुली करण्यात आली आणि 1907 साली राज्य निर्माण झाले. राज्याचे नाव मात्र चोक्टॉ भाषेतलेच राहिले! माणसे दूर सारावीत आणि त्यांचे शब्द तेवढे ठेवून घ्यावेत, हा इतिहासातील जुनाच प्रकार आहे.

येथे 1887 साली सॅक अँड फॉक्स जमातीत एक बालक जन्मले. त्याचे नाव वा-थो-हक. विजेच्या लखलखाटाने उजळलेली वाट, असा त्याचा अर्थ सांगतात. जगाने त्याला ओळखले ते जिम थॉर्प या नावाने. जुळा भाऊ लहानपणीच गेला, आई-वडिलांचे छत्रही लवकर हरपले. त्याचे शिक्षण झाले ते पेनसिल्व्हेनियातील कार्लाइलच्या सरकारी निवासी शाळेत. या शाळेचे उद्दिष्ट उघड होते: मुलातील मूळ रहिवासी नष्ट करावयाचा. मुलांचे केस कापले जात, मातृभाषा बोलण्यास मनाई असे, नावे बदलली जात. घरी परतू न शकलेल्या शंभराहून अधिक मुलांची थडगी तेथे आहेत. मेकॉलेच्या शिक्षणनीतीविषयी आपण पुष्कळ बोलतो. ती वृत्ती टोकाला गेली म्हणजे काय होते, हे कार्लाइलमध्ये दिसते.

त्याच शाळेच्या मैदानावर थॉर्प घडला. 1912 च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये पेंटॅथलॉनच्या पाचपैकी चार प्रकारांत तो पहिला आला. डेकॅथलॉन त्याने 8,412 गुणांनी जिंकली. दुसरा स्पर्धक जवळजवळ सातशे गुणांनी मागे होता. लक्षात घ्या, अमेरिकेतील सर्व मूळ रहिवाशांना त्या देशाचे नागरिकत्व मिळाले ते त्यानंतर बारा वर्षांनी, 1924 साली.

वर्षभरातच पदके काढून घेण्यात आली. कारण काय, तर 1909-10 मध्ये तो नॉर्थ कॅरोलिनात किरकोळ मोबदला घेऊन बेसबॉल खेळला होता, म्हणून हौशी नव्हे! महाविद्यालयांतील अनेक मुले खोट्या नावांनी तसे खेळत. याने खरे नाव लावले आणि तोच सापडला. वस्तुतः स्पर्धेनंतर तीस दिवसांच्या आतच आक्षेप घेता येईल, असा नियम होता. आक्षेप आला सहा महिन्यांनी. नियमपुस्तिका उघडून पाहण्याची तसदी कोणी घेतली नाही.

ती उघडली गेली सत्तर वर्षांनी. थॉर्पचे चरित्रकार रॉबर्ट व्हीलर आणि त्यांच्या पत्नी फ्लॉरेन्स रिडलन यांनी वॉशिंग्टनच्या ग्रंथालयातून ती पुस्तिका शोधून काढली. ऑक्टोबर 1982 मध्ये ऑलिम्पिक समिती नमली आणि जानेवारी 1983 मध्ये पदकांच्या प्रतिकृती त्याच्या मुलांच्या हाती दिल्या. थॉर्प तीस वर्षांपूर्वीच गेला होता. तरीही त्याला ‘सह-विजेता’ ठरविले. त्याच्या नावाच्या अर्थावरूनच नाव घेतलेल्या संस्थेने तो विषय सोडला नाही. अखेर 15 जुलै 2022 रोजी त्याला एकमेव विजेता घोषित केले गेले. ज्या स्वीडिश खेळाडूला त्याचे सुवर्ण दिले गेले, त्या ह्यूगो विसलँडरच्या कुटुंबीयांनीही सहमती दिली. विसलँडरने स्वतः ते पदक आपले कधी मानलेच नव्हते! तेव्हा एकशे दहा वर्षे झाली होती. खाशाबांना हेलसिंकीला पाठविण्यासाठी प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवले. अर्जुन पुरस्कार मात्र त्यांना मृत्यूनंतर सोळा वर्षांनी मिळाला. दुसऱ्यांच्या विलंबावर बोट ठेवताना हे आपण विसरू नये.

पदकांचा प्रश्न सुटला. दुसरा प्रश्न अद्याप तसाच आहे आणि अंत्यसंस्काराचे मोल जाणणाऱ्या आपल्या समाजाला तो अधिक भिडेल, असे मला वाटते. 1953 साली थॉर्प निवर्तला. ओक्लाहोमात जमातीच्या परंपरेप्रमाणे विधी चालू असतानाच त्याच्या तिसऱ्या पत्नीने देह तेथून नेला. पेनसिल्व्हेनियातील दोन शेजारी गावांनी एकत्र येऊन त्याचे नाव धारण करण्याच्या बदल्यात तो आपल्याकडे ठेवून घेतला. हयातीत तो तेथे कधी राहिला नव्हता. वडिलांना आपल्या भूमीत आणावे म्हणून पुत्रांनी 2010 साली न्यायालयात धाव घेतली आणि जमात त्यांच्या पाठीशी उभी राहिली. 2013 मध्ये निकाल बाजूने लागला, 2014 मध्ये तो फिरला आणि ऑक्टोबर 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला.

ओक्लाहोमात येल या गावी थॉर्पचे लहानसे घर जतन करून ठेवले आहे. ज्या स्टिलवॉटरच्या आखाड्याविषयी मी आरंभी सांगितले, तेथून ते फार दूर नाही. देह मात्र अजून पेनसिल्व्हेनियातच आहे.